मोहाच्या दिवसांत न वाजलेला फोन

परवा सकाळी दुकानाचं शटर वर करताना मोहाचा वास आला. सिंदेवाहीत माझं दुकान आहे, झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म आणि पासपोर्ट साइझ फोटोंचं. एका बाजूला हमीदभाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्या बाजूला धानाच्या बियाण्यांचं. जंगल तिथून बरंच लांब. पण कुणीतरी सायकलला पोतं बांधून समोरून गेलं असणार, आणि त्याच्या मागे तो वास रेंगाळत राहिला. गोड, जड, जरासा आंबूस, पिकलेलं फळ आणि भिजवून विसरलेली कणीक एकत्र ठेवल्यासारखा.

लोकांना ह्या वासाने आई आठवते. वाळत घातलेल्या फुलांचं अंगण आठवतं, पहिल्या दिवशी पिवळट पांढरं आणि चार दिवसांनी मनुक्यांसारखं तांबूस झालेलं. मलाही आठवतं हे सगळं, पण नंतर. आधी हात खिशातल्या फोनकडे जातो. तीन वर्षं झाली, दर साली जातो, मोहासारखाच अगदी वेळेवर.

मोहाचं फूल तोडत नाहीत, ते आपणहून पडतं. उजाडताना झाडाखाली गेलात तर अंगावरही टपकतं. पण खाली पानगळीचा थर असला की फूल त्यात शिरतं आणि हरवतं. म्हणून मोह पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळायचा. मग काळी साफ जमीन आणि वर ती फुलं, म्हाताऱ्या डोळ्यांनाही दिसतील अशी. आमच्याकडे कुठल्या घराने कुठल्या झाडाखाली वेचायचं हे ठरलेलं असतं, कागदावर कुठेच नसलं तरी. माझी आई जाळायची, तिची आई जाळायची. दर साली गावाच्या सभेत ठराव होतो की यंदा कुणी जाळायचं नाही, झाडूने झाडायचं. सगळे हात वर करतात. मग त्याच हातांनी घरी जाऊन काडीपेटी शोधतात.

ही गोष्ट मला माहीत होती. माझ्या सगळ्या मूर्खपणाचं मूळ ह्या माहीत असण्यातच आहे.

झालं असं, की इंटरनेटवर मला एक सॉफ्टवेअर सापडलं. फुकटचं, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला जंगलात कुठे तापलेला ठिपका दिसला, की हे सॉफ्टवेअर तो कुठल्या गावाच्या हद्दीत येतो ते काढतं आणि त्या गावातल्या फोनवर निरोप पाठवतं. अशा सॉफ्टवेअरला ओपन सोर्स म्हणतात. म्हणजे त्याचं पोट उघडं असतं. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, आणि कुणाला काही सुधारावंसं वाटलं तर बदल लिहून पुढे ठेवावा. ज्यांच्याकडे सांभाळायची जबाबदारी असते ते तपासतात, प्रश्न विचारतात, पटलं तर आत घेतात. मग तो बदल सगळ्या जगाचा होतो.

मी दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते चालू केलं, माझ्या मोठ्या बहिणीचं गाव आणि आजूबाजूची तीन गावं मिळून सतरा फोन जोडले. त्यातून मला योगदानाची चटक लागली. माझं पहिलं योगदान म्हणजे माहितीच्या पानावरचा एक स्वल्पविराम. तो जगाने स्वीकारला त्या दिवशी मी हमीदभाईंना चहा पाजला आणि आपण एका आंतरराष्ट्रीय कामात असल्याचं सांगितलं. घरी बायकोने पगार किती म्हणून विचारलं. म्हटलं, नाही. मग सुट्ट्या किती? म्हटलं, त्याही नाहीत. ती म्हणाली, म्हणजे आपल्या घरच्यासारखंच झालं, आणि भाजीला फोडणी द्यायला उठली.

पुढचं योगदान निरोपांच्या मराठीचं. मी आधी लिहिलं होतं, ‘आपल्या परिक्षेत्रात उष्णताबिंदू आढळला आहे.’ पहिला निरोप गेला तेव्हा लक्ष्मणभाऊंचा फोन आला, की हे हवामानखात्याचं आहे का, छत्री न्यावी लागते का. लक्ष्मणभाऊ मडावी हे बहिणीच्या गावच्या आग विझवणाऱ्या टोळीचे पुढारी. वय साठीला टेकलेलं, अंगाने वेताच्या काठीसारखे, बोलणं मोजकं आणि टोमणा त्याहून मोजका. त्यांनीच मग निरोप सांगितला आणि मी टाईप केला: ‘आग दिसली. नाल्याच्या पलीकडे. पाहून या.’ आजही तोच जातो.

तर पहिला मोहाचा हंगाम आला आणि फोन वाजायला लागले. एकेका दिवसात दहा-दहा निरोप. झाडाखाली कुणी पाला पेटवला की उपग्रह बघणार, माझं सॉफ्टवेअर कळवणार आणि लक्ष्मणभाऊ खांद्यावर फावडं टाकून दोन कोस चालत जाणार. तिथे कुणीतरी म्हातारी राखेच्या कडेला बसलेली असायची आणि त्यांनाच म्हणायची, आलाच आहेस तर टोपली उचलू लाग.

हंगाम संपताना ते दुकानात आले. फॉर्म भरून देतो म्हणून गावची मंडळी मला मास्तर म्हणतात. पंख्याखाली बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “मास्तर, तुमचा उपग्रह लय कटकट करते. म्हातारीनं चूल पेटवली तरी बोंबलते.”

हमीदभाई हसले. मला ते लागलं. माझ्या सॉफ्टवेअरला कुणी नावं ठेवावीत, आणि तीही हमीदभाईंसमोर? मी ठरवलं की ह्याचा बंदोबस्त करायचा.

बंदोबस्त साधा होता. मोहाचे महिने असतील, ठिपका गावाजवळ असेल, आणि एकटाच असेल, तर निरोप पाठवायचा नाही, थांबवून ठेवायचा. उपग्रहाच्या पुढच्या फेरीत तो परत दिसला तर पाठवायचा. नाही दिसला तर सोडून द्यायचा. पाला होता, जळाला, विझला. मी ते लिहिलं, गेल्या हंगामाच्या ठिपक्यांवर चालवून पाहिलं. एकही खरी आग निसटली नाही. म्हणजे शंभर टक्के. मी स्वतःच्या पाठीवर हात पोचेल तितका थोपटला. त्या हंगामात मध्येच दोनदा अवकाळी पाऊस येऊन सगळं जंगल भिजलं होतं, म्हणून काही पसरलंच नव्हतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याच पावसात माझ्या दुकानाचा बोर्ड पडला होता. पडलेला बोर्ड मला आठवत होता, पाऊस नाही.

सॉफ्टवेअर सांभाळणारी बाई होती पोर्तुगालची, नाव इनेस. तिचं स्वतःचं गाव एकदा वणव्यात सापडलेलं, त्यातून ती ह्या कामात आली. तिने दोन प्रश्न विचारले. ह्यांतली एखादी छोटी आग मोठी होत नाही असं तुम्ही कशावरून म्हणता? आणि हा नियम सगळ्यांना लावण्याआधी एका गावात एक हंगाम बघायचा का?

सरळ प्रश्न होते. मी त्यांना उत्तर म्हणून दीड पानाचं इंग्रजी लिहिलं. आमची परंपरा, आमची माती, उपग्रहाला जे दिसतं आणि आम्हाला जे कळतं त्यातला फरक. शेवटी लिहिलं, की मी ह्या मोहाच्या झाडांखाली जन्मलो आहे. माझा जन्म चंद्रपूरच्या दवाखान्यातला, सिझेरियनचा. पण वाक्य वजनदार होतं.

इनेसने लिहिलं की तुमचं जंगल तुम्हाला माझ्यापेक्षा नक्कीच जास्त कळतं. आणि बदल आत घेतला.

पुढचा हंगाम आला तो शांत. सतराही फोन गप्प. बाजारात लक्ष्मणभाऊ भेटले, म्हणाले, आता बरं आहे, पायाला आराम आहे. मी नम्रपणे मान झुकवली. नम्रपणा मला शोभत नाही असं बायको म्हणते, पण तेव्हा तो ओसंडून वाहत होता. हमीदभाईंच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनासुद्धा मी ती शांतता समजावून सांगायचो. पळस झडून गेला होता, ऊन चढत होतं, त्या साली थेंबभरही पाऊस झाला नव्हता. साग उघडाबोडका झालेला. जंगलात चालताना पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. हे सगळं मला दिसत होतं. मी ह्या झाडांखाली जन्मलेला ना.

चैत्र नुकताच लागला होता. सकाळचे दहा वाजले असतील. मी एका मुलीच्या परीक्षेच्या फॉर्मवर फोटो चढवत होतो, आणि भाऊजींचा फोन आला. भाऊजी म्हणजे बाईचे यजमान. मोठ्या बहिणीला मी बाई म्हणतो, नाव तिचं विमल. भाऊजींना फोनवर ओरडायची सवय आहे, पण त्या दिवशी ते हळू बोलत होते, त्यानेच माझा हात थांबला. म्हणाले, नाल्याच्या पलीकडे धूर आहे, मोठा आहे. वारा सुटला आहे. विमल उजाडताच मोह वेचायला गेली, सोबत तिघी आहेत, अजून आल्या नाहीत. फोन लावतो तर लागत नाही. आणि मग विचारलं, तुझ्या कॉम्प्युटरवर काही आलं का?

माझ्या फोनवर काहीच नव्हतं. मी कॉम्प्युटरवर यादी उघडली. पाठवलेल्या निरोपांची यादी रिकामी. तिच्या खाली एक दुसरी यादी होती, मीच केलेली, थांबवलेल्यांची. तिच्यात पाच ठिपके होते. चौथा नाल्याच्या पलीकडचा, बांबूच्या बेटांना लागून. काल दुपारचा. एकटा, गावाजवळ, मोहाच्या महिन्यातला. माझ्या नियमात अगदी चपखल बसणारा. रात्रीच्या फेरीत तो उपग्रहाला दिसलाच नव्हता, म्हणून नियमाने सोडून दिलेला, आणि एक दिवस भरला की आज दुपारी यादीतूनही पुसला जाणार होता.

मी ती ओळ किती वेळ बघत बसलो, सांगता येणार नाही. त्या मुलीने विचारलं, सर, झाला का फॉर्म?

निरोप सगळ्यांना आत्ता सोडता आला असता. पण मग सतरा फोनवर पाच ठिकाणांचे पाच निरोप गेले असते, आणि कुठे धावायचं हे कुणाला कळलं नसतं. शिवाय निरोपात लिहिलेलं असतं ‘आग दिसली’. कधी दिसली ते नसतं. मी लक्ष्मणभाऊंना फोन लावला. त्यांची टोळी गावाच्या दुसऱ्या अंगाला होती, आग पुढे सरकू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या जाळरेषेवरचा पाला काढत. मी म्हटलं, “लक्ष्मणभाऊ, आग काल दुपारीच दिसली होती. निरोप मी अडवून ठेवला.”

पलीकडे त्यांनी माणसांना थांबायची हाक दिली.

“कुठी?” ते म्हणाले.

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, अडवलेले अजून आहेत का? म्हटलं, चार. तेही सांगा, ते म्हणाले, एकेक माणूस तिकडे पाठवतो. मी चार जागा सांगितल्या. फोन बंद झाला. त्यांनी का, कसं, काहीच विचारलं नाही, आणि मी उत्तरं मात्र तयार ठेवली होती.

हमीदभाई काउंटरच्या पलीकडे येऊन उभे होते. त्यांनी त्या मुलीला संध्याकाळी यायला सांगितलं, दोन्ही दुकानांची शटरं खाली ओढली आणि माझ्या हातातून मोटरसायकलची चाबी काढून घेतली. “सुधाकरभाऊ, मागे बसा,” म्हणाले. “गाडी मी चालवतो.”

चौदा किलोमीटरचा रस्ता. त्या रस्त्यावर माझ्या डोक्यात एक वकील उभा राहिला, हे मला आजही नीट सांगवत नाही. वकील म्हणत होता, नियमाने जे करायचं ठरलं होतं तेच केलं, चूक वाऱ्याची आहे. वकील म्हणत होता, पोर्तुगालच्या बाईंनी तपासूनच घेतलं होतं. वकील म्हणत होता, लक्ष्मणभाऊंनीच तक्रार केली होती की नाही? माझी सख्खी बहीण धुरात, आणि हा माणूस पुरावे मांडत बसलेला. मग वळणावर वानरांची एक टोळी रस्ता ओलांडताना दिसली. आवाज न करता, पिल्लं पोटाशी धरून, सगळी एकाच दिशेला. हमीदभाईंनी गाडी थांबवून त्यांना जाऊ दिलं. अंगावर काळी पिसं पडायला लागली, जळालेल्या पानांची, हलकी, हात लावला की भुकटी होणारी. वकील तिथेच उतरून गेला.

नाल्यावर पंधरावीस माणसं उभी होती. भाऊजी एका दगडावर, हातात बाईच्या चपला. उतारावर काढून ठेवल्या होत्या तिने, ती अनवाणीच वेचते. पलीकडे बांबू फुटत होता. बांबूच्या पेरात हवा असते, आग लागली की ती फोडून बाहेर येते. बंदुकीसारखा आवाज, एक, मग तीन, मग काहीच नाही, आणि आपण श्वास सोडावा तेवढ्यात पुन्हा. लक्ष्मणभाऊ सहा माणसं घेऊन आत गेले होते, ओल्या डहाळ्या आणि फावडी घेऊन.

मला वाटलं होतं लोक तोंडावर थुंकतील. त्यांना काही माहीतच नव्हतं. उलट मला पाहून त्यांना धीर आला. एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, “मास्तर आले. पाहा जी तुमच्या मोबाईलमधी, आग कोन्या अंगानं जाऊन राह्यली.” सगळे माझ्याकडे वळले. मी फोन काढला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, उपग्रह दुपारशिवाय येणार नव्हता. तरी मी बघत राहिलो. इतक्या माणसांना आशा लावून मी पडद्यावर बोट फिरवत होतो. इतकं खोटं मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही, ते दीड पान धरून.

हमीदभाईंनी माझा फोन हळूच खाली केला आणि म्हातारीला म्हणाले, अम्मा, आत्ता नाही दिसत.

मग नाल्याच्या वळणावरून माणसं येताना दिसली. कोरड्या पात्रातून, रेतीत पाय ओढत. बायका. एक, दोन, तीन. भाऊजी उठले आणि पुन्हा बसले. तिघींच्या पदरांतून पाणी निथळत होतं. रेतीत खड्डा करून लागेल तितक्या पाण्यात पदर भिजवून तोंडावर धरले होते. विमलबाईनेच आम्हाला खाली ढकललं, त्या म्हणाल्या. ती मागे होती. मग धूर आला आणि ती दिसेनाशी झाली. लक्ष्मणभाऊ तिच्यासाठी उलटे गेले आहेत.

त्यानंतर किती वेळ गेला ते मी कधी कुणाला विचारलं नाही. मी बांबूचे आवाज मोजत होतो. भाऊजी चपलांवरची राख पुसत होते, पुन्हा पुन्हा, एकाच चपलेवरची.

ती आली ती लक्ष्मणभाऊंच्या खांद्याला धरून. कपाळावरचे केस जळून आखडलेले, तोंड काळं, डोळे लाल. पाणी प्यायली. खोकली. पुन्हा प्यायली. मी समोर बसलो होतो. तिने कमरेला खोचलेल्या पदराची गाठ सोडली, त्यातून फोन काढला आणि मला दाखवला. त्या सतरा फोनांमधला तो एक होता, मीच जोडून दिलेला.

“हा वाजलाच नाई रे,” बाई म्हणाली. “धुराचा वास येत होता. ह्या बाया म्हने निंगू. मी म्हनलं, थांबा, आपला सुधा सांगते. वाजला नाई म्हनजे काई नाई.”

 

लक्ष्मणभाऊंचा उजवा हात मनगटापासून भाजला होता. जळता बांबू बाईच्या अंगावर येताना त्यांनी हाताने अडवला. तालुक्याच्या दवाखान्यात ते बरेच दिवस होते. मी रोज डबा घेऊन जायचो, आणि तिथेच त्यांना सगळं नीट सांगितलं, नियम, थांबवलेल्यांची यादी, पोर्तुगाल, सगळं. ते ऐकून घेत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला जन्मापासून माहीत असायला हवी होती.

पाला जळून विझतो, हे खरं. पण झाडाखाली एखादा पडलेला बुंधा असतो, वाळवीने पोखरलेला. तो आतून धरतो. वरून राख, आत निखारा, रात्रभर, कधी दोन रात्री. उपग्रहालाच काय, शेजारी उभ्या माणसालाही दिसत नाही. मग वारा येतो. “म्हाताऱ्याईले दम द्याले नोतो जात मी,” लक्ष्मणभाऊ म्हणाले. “बुंध्यावर माती लोटाले जात होतो.”

म्हणजे ज्याला मी खोटा निरोप म्हणत होतो, त्या प्रत्येक निरोपामागून एक माणूस फावडं घेऊन जात होता आणि ती आग खोटी ठरवून येत होता. गेल्या हंगामात काही पसरलं नाही ते पावसाने, आणि ह्यांनी. माझ्या शंभर टक्क्यांत ह्यांचं फावडं कुठेच नव्हतं.

मी विचारलं, हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलं? कटकट म्हणालात, एवढंच.

“कटकट होतीच ना, मास्तर,” ते म्हणाले. “तुमी इचारलं नाई, मीबी बोललो नाई. पायाले आराम भेटला तं मलेबी बरंच वाटलं.”

त्यांनी अर्धा भार असा उचलून स्वतःच्या जळक्या हातावर घेतला. मी तो घेऊ द्यायला नको होता. पण त्या वेळी घेऊ दिला.

अशा सॉफ्टवेअरमध्ये काही लपत नाही. कुठली ओळ कुणी लिहिली हे दाखवणारी एक आज्ञा असते, आणि ओळ पुसली तरी ती कधी होती, कुणी घातली, हे कायम राहतं. मी माझी ओळ काढून टाकली, आणि ज्या पानावर झाडाखालचा जन्म लिहिला होता त्याच पानावर खाली सगळं लिहिलं. बहीण, तिचा फोन, लक्ष्मणभाऊंचा हात, पावसाने भिजलेल्या हंगामावर घेतलेली परीक्षा. दवाखान्यातला जन्मही लिहिला. कितीतरी देशांतले लोक ते वाचू शकतात. पाठवण्याचं बटण दाबताना मला वाटलं की आता आपल्याला ह्या मंडळीतून काढतील, आणि काढावं असंही वाटलं.

इनेसचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिने सांत्वन केलं नाही. लिहिलं की प्रश्न मी विचारले होते, पण उत्तर तुम्हीच देऊ नये, आग विझवणाऱ्यांनी द्यावं, एवढं मला सुचायला हवं होतं. तेव्हा दोघांची नावं तिथे राहू द्या. आणि पुढे विचारलं, तुमचे लक्ष्मण हे काम कसं करतात, ते सविस्तर सांगाल का?

मी डबा आणि वही घेऊन गेलो. ते डाव्या हाताने पंखा हलवत सांगत होते आणि मी लिहीत होतो. त्यातून नवा बदल झाला. आता निरोप अडत नाही, प्रत्येक जातो, आणि जो जाऊन येतो त्याने उलट उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर निरोप पुन्हा वाजतो, येईपर्यंत. मी उत्तराचा शब्द ठेवला होता ‘विझली’. लक्ष्मणभाऊंनी तो काढायला लावला. आग विझली असं माणसाने म्हणू नये, ते म्हणाले, आपण काय केलं तेवढंच म्हणावं. तेव्हा शब्द आहे ‘माती लोटली’. योगदान देणाऱ्यांच्या यादीत आज त्यांचं नाव आहे, माझ्या वर. त्यांची दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. फावडं ते डावखुऱ्यासारखं धरतात.

बाई अजूनही मोहाला जाते. मी एकदा म्हटलं, नको जाऊ. तिने मला असं पाहिलं की मी विषय बदलला. तिची दोन झाडं त्या आगीत गेली, उरलेल्या एकाखाली ती आता झाडूने झाडते. फोन नेते. पण धुराचा वास आला तर आधी निघते, फोन मागून बघते. हे तिला मी शिकवलेलं नाही, म्हणजे तसं पाहिलं तर मीच शिकवलं आहे.

ह्या आठवड्यात एक नवा बदल पुढे आला. तपासायचं काम आता इनेससोबत माझ्याकडेही असतं. मंडळीने मला काढलं नाही, उलट कामाला लावलं. बदल पाठवणाऱ्या बाई आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जिवतीकडच्या एका शाळेत शिकवतात. त्यांनी लिहिलं होतं की त्यांच्या डोंगरावर शेतकरी कापूस निघाल्यावर उरलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, बांधावर रचून पेटवतात, उपग्रह विनाकारण ओरडतो, लोक वैतागून फोन बंद करून ठेवतात. तेव्हा बांधावरचे ठिपके गाळावेत. खाली लिहिलं होतं, मी इथलीच आहे, मला हे डोंगर माहीत आहेत.

मी ते वाक्य वाचलं आणि खुर्ची मागे सरकवली. नाही म्हणणं सोपं होतं. पण लोक फोन बंद करून ठेवतात हे त्यांचं म्हणणं खरंच होतं, आणि तेही तितकंच वाईट. आज दुपारी त्यांचा नंबर मिळवून मी फोन लावला. लक्ष्मणभाऊ दुकानात बसलेले होते, सातबाऱ्याच्या कामाला आलेले, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला. शिक्षिका जराशा रागात होत्या. सिंदेवाहीत बसून तुम्हाला आमची जिवती काय कळणार, म्हणाल्या. मी म्हटलं, काहीच नाही कळत, म्हणूनच विचारतो. पऱ्हाट्या पेटवल्यावर तिथे मागून कोण जातं? निखाऱ्यावर माती कोण लोटतं? त्याच्याशी मला बोलायचं आहे.

त्यांनी आधी मागे गलका करणाऱ्या मुलांना गप्प केलं.

“मागून तर कोनीच जात नाई, सर,” त्या म्हणाल्या.

लक्ष्मणभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. “मास्तर,” ते म्हणाले, “त्याईले इचारा, चंद्रपुरावरून जिवतीची पहिली बस कितीले आहे.”